विमलच्या नावची सव्वा मूठ

श्रावणातली मंगळवारची सकाळ. गॅसवर चहा उकळत होता आणि फोन वाजला. पलीकडे संगीता होती, विमलची भावजय. "बाई, विमलताई गयी... पहाटलेच गयी," एवढं बोलून ती रडायला लागली. मी काही विचारणार, तोच तिच्या मागून तिच्या नवऱ्याचा, म्हणजे विमलच्या सख्ख्या भावाचा, भास्करचा आवाज आला. तो दुसऱ्या कुणाला तरी फोनवर सांगत होता, "नही, नही, रविवारनी कानबाई व्हयी. लगीन व्हयेल बहीन शे ती, तीनच दिवसनं सुतक." बहीण अजून घरातच होती, तिला गच्चीवरच्या खोलीतून खाली उतरवायची होती, आणि हा रविवारच्या कार्यक्रमाची खात्री देत होता. मी गॅस बंद केला, चहा मोरीत ओतला. मला रडू आलं नाही. किळस आली. ती किळस अजून गेलेली नाही. हा लेखही मी त्या किळशीतच लिहिते आहे, तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जो गुळमुळीत सूर लावायचा असतो तो इथे सापडणार नाही.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांना आधी सांगते. मीही वऱ्हाडातली, अकोल्याकडची. लग्न होऊन सुरतेला आले तोवर मलाही ठाऊक नव्हती. कानबाई ही खानदेशातल्या लोकांची कुळाची देवी. श्रावणातल्या एका रविवारी तिला नारळाच्या रूपात चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत तापीवर नेतात. उधन्याकडच्या आमच्या गल्ल्यांत त्या दिवशी लूम, म्हणजे यंत्रमागसुद्धा, बंद असतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाचे जाड रोट भाजायचे. तो रोट खायचा फक्त कुळातल्या माणसांनी. शेजाऱ्याला चालत नाही, मित्राला चालत नाही आणि सासरी गेलेल्या लेकीलाही चालत नाही, कारण लग्न झालं की लेक दुसऱ्या कुळाची. म्हणजे दुसऱ्या घरातून आलेली सून तो रोट खाणार आणि त्याच घरात जन्मलेली लेक दारात उभी राहून बघणार. विमलला त्या रोटाचा एक घास हवा होता. उभ्या आयुष्यात तिनं भावाकडे मागितलेली ती एकच वस्तू.

विमल आमच्या शेजारी आली ती एक पिशवी घेऊन. शिरपूरकडच्या सासरी नवऱ्यानं दुसरं घर केलं, आणि हिला कुणी जा म्हणालं नाही तरी राहा असंही कुणी म्हणालं नाही. भास्कर तेव्हा लूमवर रातपाळी करायचा, एका खोलीत बायको-पोरांसह राहायचा. विमल त्या खोलीतली आणखी एक झाली. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची, आणि त्यांच्या खोलीत उजेड नाही म्हणून माझ्या उंबऱ्यात येऊन बसायची. मी मराठी माध्यमाच्या शाळेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायची आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायची. पोरं आत, विमल उंबऱ्यात, आणि मधे मी. पोरांचं लक्ष नसे, तिचं असे. एखादा पोरगा जांभई देताना दिसला की खाली मान घालून टिकली चिकटवता चिकटवता ती म्हणे, "बाई, तो तिसरा झोपी गया." हसायची फार. सुटीच्या दिवशी मला ओढत चौकातल्या गाडीवर लोचो, म्हणजे डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, खायला न्यायची आणि वर तेल-शेव जास्त घालून घ्यायला त्या गाडीवाल्याशी गुजरातीत असं काही भांडायची की त्यानं दरवेळी हात टेकावेत.

त्या उंबऱ्यातच तिनं व्यवहारतोल हा धडा ऐकला. देशाचा परदेशांशी जो काही व्यवहार होतो त्याचा तो जमाखर्च. त्यात माल येतो, सेवा येते, गुंतवणुकीचं उत्पन्न येतं, आणि शेवटी येतात चालू हस्तांतरणं. व्याख्या अशी: परदेशातून आलेली अशी रक्कम किंवा वस्तू, जिच्या बदल्यात काहीही द्यावं लागत नाही. बाहेर गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो, ते हे. आलेल्यातून गेलेलं वजा केलं की निव्वळ हस्तांतरण मिळतं, आणि आपल्या देशाची ही बाजू कायम भरलेली असते, कारण आपली माणसं बाहेर राबतात आणि इकडे पाठवतात. पोरांना मी हे अभिमानानं सांगायची. आणखी एक बारकावाही सांगायची, कारण तो परीक्षेत विचारत. माणूस वर्षाहून जास्त काळ तिकडे राहिला की या हिशेबापुरता तो तिकडचा रहिवासी धरतात. तो घरचा राहत नाही, म्हणून तर त्याच्या पैशाला बाहेरून आलेला पैसा म्हणता येतं. त्या दिवशी पोरं गेल्यावर विमलनं विचारलं होतं, "बाई, तिकडतून पैसा येस, ते समजनं. मंग त्या माणूसले इकडतून काय जास?" मी म्हटलं, अगं, काही जात नाही, तीच तर व्याख्या आहे. ती म्हणाली, "बरी शे व्याख्या," आणि पुढची साडी उलगडली.

पुढे ओळखीतून तिला शारजाला काम मिळालं. एका गुजराती व्यापाऱ्याच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करायचं. सगळं म्हणजे काय, ते वाचकांना कळेल. जायच्या आदल्या दिवशी माझ्या पाया पडायला आली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "बाई, आते मी तुमना त्या खातामा जासू." मी हसले. दोघी खूप हसलो.

मग सुरू झाले खोके. दर महिन्याचा पैसा बँकेत यायचा तो वेगळा. वर्षा-दीड वर्षानं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं यायचं, निळ्या दोरीनं आडवंतिडवं आवळलेलं, वर काळ्या शाईनं भास्करचं नाव. ते उघडायचा दिवस मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहायची इच्छा राहिली नाही. खोलीत भाऊबंद जमले होते. कुणी काका, कुणी चुलतभाऊ, ज्यांनी विमल पिशवी घेऊन आली तेव्हा दार लोटून घेतलं होतं ते सगळे. दोरी कापल्याबरोबर दहा हात आत. ब्लँकेटं ओढली, साबणाच्या वड्या हुंगल्या, अत्तराच्या बाटल्या तिथेच अंगावर उडवून संपवल्या. एकानं दूध पावडरचा डबा मांडीखाली सरकवून ठेवला होता. खोलीभर त्या अत्तराचा आणि घामाचा वास कोंडला. शेवटी खोक्याच्या तळाशी एक लहान पुडी निघाली, वर लिहिलं होतं 'बाईंसाठी'. आत मोत्याच्या रंगाच्या टिकल्या होत्या, कपाळाच्या नव्हे, साडीवरच्या. ती विनोद करत होती. खोलीत तो विनोद कळणारी मी एकटीच होते. खोकं रिकामं झाल्यावर कुणीतरी ते उलटं करून झटकलं, आणखी काही राहिलं नाही ना बघायला.

भाड्याची खोली गेली, घर झालं. तळमजला, वर दोन मजले, सगळ्यात वर गच्ची. दाराशी संगमरवरी पाटी, तीवर भास्करचं नाव आणि त्याच्या दोन मुलांची. भास्करनं लूम सोडला, चार लूम स्वतःचे टाकले. मला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, गरीब माणूस वर आला. पण त्या पाटीपुढून जाताना दरवेळी डोळे आपोआप तिचं नाव शोधत. मी एकदा फोनवर विमलला म्हटलंही. तिनं तिकडून उलट मलाच समजावलं, "बाई, पाटीवर नावे माणसांसनीच ऱ्हातस." माणसं म्हणजे पुरुष. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. या गाईनं तर कधी लाथसुद्धा मारली नाही, आणि खरं सांगते, मला तिचाही राग यायचा. माणसानं इतकं सोसू नये की सोसायला लावणाऱ्यांना त्याची सवयच होऊन जावी.

रोटाचं मागणं तिनं तिकडे गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या श्रावणात केलं. कानबाईच्या रविवारी भास्करच्या घरून व्हिडिओ कॉल लावलेला होता. मी तिथेच बसले होते. गाणी चालली होती, आणि विमल शारजाच्या त्या स्वयंपाकघरातून, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, तीच गाणी म्हणत होती. मग म्हणाली, "भाऊ, जरा रोटनं ताट दखाड ना." भास्करनं फोन ताटाकडे फिरवला. ती बघत राहिली. गाणं थांबलं होतं तिचं... मग हसत हसतच म्हणाली, अमका तमका पुढच्या आठवड्यात इकडे येतोय, त्याच्याबरोबर एक तुकडा पाठवाल का? आता माझं कोण सासर आणि कोण कूळ? मी तर इथलीच ना? भास्कर म्हणाला, "विमल, तुले माहीत शे ना. रोट बाहेर जात नही." आणि फोन परत देवीकडे फिरवला.

मला ते इतकं लागलं की मी घरी येऊन दुसऱ्या दिवशी गव्हाचं जाडसर पीठ घेतलं, गूळ-तूप घातलं आणि आपल्या समजुतीनं रोट भाजले. त्या जाणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन पुडकं दिलं, सांगितलं, विमलला द्या, कानबाईचा रोट आहे. मला वाटलं होतं, जाड पोळीच तर आहे, कुणाच्या तव्यावरची का असेना. आठवड्यानं तिचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. "बाई, तुम्ही गूळ टाका व्हता! रोटमा कोणी गूळ टाकस का?" मी म्हटलं, मग फेकून दिलंस का? तर म्हणाली, "फेकसू काबरं? गोड लागनं. म्हातारीनी बी खादं." थोड्या वेळानं मात्र आवाज बदलला. म्हणाली, पण बाई, तो रोट नव्हता. तुम्ही मनापासून केलात, पण तुमच्या हातचा रोट होत नाही. तो त्या घरातून यावा लागतो. मी पहिल्यांदा समजले की तिला पोळी नको होती, त्या घरानं तिला मोजायला हवं होतं.

मधल्या काळात एक सत्कार झाला. त्यांच्या समाजाचा मेळावा होता, एका मोठ्या हॉलमध्ये, आणि संगीतानं आग्रह केला म्हणून मी गेले. समाजाच्या सभागृहाला मोठी देणगी दिली म्हणून भास्करला शाल, श्रीफळ, फेटा. ती देणगी शारजाहून आली होती. मला ठाऊक होतं, कारण विमलनं ती पाठवताना माझ्याशी बोलून पाठवली होती. व्यासपीठावर एक पुढारी उभा राहिला आणि त्यानं भाषण केलं. आपली माणसं परदेशात घाम गाळतात, देशाच्या तिजोरीत परकीय चलन येतं, ही खरी देशसेवा. मग तो भास्करकडे हात करून म्हणाला, अशा दानशूर कुटुंबांचा आपल्याला अभिमान आहे. टाळ्या. भास्करनं मान खाली घातली, विनयानं. विमलचं नाव ना त्या पुढाऱ्याच्या तोंडी आलं, ना भावाच्या. माझ्याच धड्यातली वाक्यं होती ती, फक्त माइकवरून आली म्हणून इतकी बुळबुळीत लागली. मी जेवणाची पंगत बसायच्या आत निघाले. त्या पंगतीतली बुंदी माझ्या घशाखाली उतरली नसती.

मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती म्हातारी वारली, आणि व्यापाऱ्यानं विमलला तिकीट काढून दिलं. ती आली तेव्हाच ओळखू येत नव्हती. पोटात गाठ होती. तिकडे दुखणं अंगावर काढलं, म्हातारीला सोडून दवाखान्यात कशी जाणार? विमानतळावरून येताना रिक्षा तिनं वाटेत थांबवायला लावली, लोचो घेतला, दोन घास खाल्ले आणि उरलेला माझ्या हातात दिला. तेव्हा मी समजले. तिच्या घरात, हो, मी ते तिचंच घर म्हणणार, दोन्ही मजल्यांवर भाडेकरू होते, म्हणून तिला गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारची पत्र्याची खोली दिली. सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली! संगीता बिचारी दिवसातून चारदा ओली चादर पत्र्यावर टाकायची. भास्कर म्हणायचा, पावसाळ्यानंतर भाडेकरू हलवू.

वैशाखात गल्लीत गव्हाचा ट्रक आला. "बेन, टुकडी छे, असल माल छे," म्हणत माणूस दारोदार हिंडत होता; टुकडी ही इकडची गव्हाची जात. आमच्याकडे वर्षाचे गहू एकदमच भरतात, आणि टिकावेत म्हणून त्यांना दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवतात. तेलानं हात चिकट होतात, खांदे भरून येतात, म्हणून हे काम कुणालाच आवडत नाही. संगीताचा खांदा आखडलेला होता. विमल म्हणाली, आणा वर, मी बसल्या बसल्या चोळते. मी आणि संगीतानं मिळून गहू घेतले होते, तर माझेही वर आणा म्हणाली. गच्चीवर सावलीत चादर अंथरली, तीवर गव्हाचा ढीग, शेजारी दिवेलाची वाटी. ती निवडायची, मूठभर घ्यायची, तेलाचा हात फिरवायची, बाजूला सारायची. थांबत थांबत, पाठ भिंतीला टेकून. संगीता पिंप भरायची. मी बसून गप्पा मारायची, कारण मला तिनं हात लावू दिला नाही, म्हणाली तुमचा हात कोरडाच राहू द्या, तुम्ही खडूवाल्या. दोन्ही घरांचे गहू तिनं एकटीनं चोळले. शेवटची मूठ टाकल्यावर तळहात माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "घ्या, सुरतना वास." मग तसंच हाताकडे बघत तिनं विचारलं, "बाई, यंदा तरी दीतीन का हो माले रोट? एकच घास. पुढला श्रावण कोणी देखा शे..."

मी भास्करकडे गेले. एकटीच, दुपारी, त्याच्या कारखान्यात. त्यानं खुर्ची पुसून दिली, थंडा मागवला. भास्कर वाईट बोलत नाही कधी, हीच त्याची मोठी अडचण आहे, भांडायला काही हातालाच लागत नाही. मी विमलचं मागणं सांगितलं. त्यानं हात जोडले. "बाई, नियम आम्ही नही बनाडा. वाडवडीलसनी बनाडा. तिले दुसरं काहीबी मांगू द्या, मी जीव दिसू." मी म्हटलं, भास्कर, रोटाचे गहू पूर्वी स्वतःच्या शेतातले लागायचे ना? आता तुम्ही ट्रकवाल्याकडून घेतलेल्या वर्षाच्या पिंपातले काढता, धुतले की झालं. पूर्वी घरातल्या बायका जात्यावर दळायच्या, आता तुमच्याकडे विजेची घरघंटी आहे. पूर्वी रात्रभर बायका गायच्या, आता डीजे लागतो. एवढे नियम वाकले. एकच वाकत नाही? तर म्हणाला, "ते सोयनं शे बाई. हाई कुळनं शे." कपाळावर आठी नाही, आवाजात राग नाही. सोयीचं ते सोडलेलं, गैरसोयीचं तेवढं सोवळं. एकदा मीच कानबाईच्या सकाळी त्यांच्याकडे गहू मोजले जात असताना कौतुकानं ताटाला हात लावायला गेले होते, तर यानंच पटकन ताट ओढून घेतलं होतं. "बाई, हात नका लावू. रोटना गहूले परका कुळना हात लागाले नको." तेही असंच, हात जोडून. मी थंडा न घेता उठले. विमलला जाऊन खोटंच सांगितलं, तो विचार करतोय. ती म्हणाली, "तुम्हले खोटं बोलता येत नही, बाई." आणि कूस बदलली.

मंगळवारी ती गेली. अग्नी भावानं दिला, ते करतो माणूस, गल्ली बघत असते. सासरी फोन केला तर दिराचं उत्तर आलं, ती बाई कधीच आमच्यातून निघून गेली, आम्हाला तिचं सुतक लागत नाही. माहेरचं म्हणणं, ती लग्न झालेली, दुसऱ्या कुळाची, आम्हाला तीनच दिवस. म्हणजे माहेराला ती सासरची, सासराला माहेरची. देशाच्या हिशेबात तिकडची, आणि तिकडे शारजात तर ती कोण होती हे विचारूच नका. शुक्रवारी घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. गच्चीवरच्या खोलीतली गादी शुक्रवारीच भंगारवाल्याकडे गेली. शनिवारी मंडप पडला. रविवारी संध्याकाळी डीजे लागला आणि माझ्या खिडकीच्या काचा हादरायला लागल्या. मी माझ्या देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. पुढेही बरेच दिवस लावला नाही. माहेर-सासरच्या दोन घरांनी जे सुतक नीट धरलं नाही ते शेजारणीनं धरलं तर कुठला धर्म बुडणार होता? सोमवारी त्यांची मिरवणूक माझ्या दारावरून तापीकडे गेली. भास्कर पुढे होता, डोक्यावर फेटा, बहुधा तो सत्कारातलाच. मी दार लावून घेतलं.

संगीता माझ्याकडे आली ती बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, माझं पातेलं परत द्यायच्या निमित्तानं. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि विमल बसायची त्याच उंबऱ्यात खाली बसली. मी पाणी दिलं. ते न पिता सांगायला लागली. कानबाईच्या रविवारी सकाळी आंघोळ करून भास्कर रोटाचे गहू मोजायला बसला. पिंपातले गहू धुऊन, वाळवून समोर ठेवलेले. त्याच्या नावची सव्वा मूठ, दोन मुलांच्या नावच्या दोन. मोजून झालं तसं संगीतानं स्वतःच हात घातला, आणखी सव्वा मूठ काढून ताटात ठेवली आणि म्हणाली, "हाई विमलताईनी." ती सांगते, लग्न झाल्यापासून नवऱ्यासमोर तिनं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काही केलं असेल तर ते हे. भास्कर ओरडला नाही. त्यानं ते गहू दोन्ही हातांनी ताटातून उचलले, एक दाणा मागे ठेवला नाही, आणि पुन्हा पिंपात टाकले. म्हणाला, "बाईना नावनी मूठ ऱ्हात नही. तुन्ही बी नही."

मेलेल्या बहिणीच्या नावाचे मूठभर गहू! तेही तिच्याच पैशाचे, आणि यानं ते परत ओतले. मी म्हटलं, तू तरी घातलेस गं. संगीता माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. म्हणाली, "बाई, एक मूठ त्यासनी काढी टाकी. पन ज्या तीन मुठी ऱ्हायन्यात, त्यासले कोना हात लागेल व्हता?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग ती चादर, ती वाटी आणि भिंतीला टेकून बसलेली विमल डोळ्यांपुढे आली... भास्कर दिवसभर कारखान्यात, त्याला गच्चीवर काय चाललंय याचा पत्ता कधीच नव्हता. त्या पिंपातला दाणा न् दाणा परक्या कुळाच्या बाईनं चोळलेला होता. त्यातलाच रोट देवीपुढे गेला, तिनं काही तो नाकारला नाही. त्यातलाच भास्करनं खाल्ला, भाऊबंदांनी खाल्ला, खोकं उलटं करून झटकणाऱ्यांनीही खाल्ला असणार. फक्त विमलनं खाल्ला नाही. मी संगीताला म्हटलं, मी तिच्यावर लिहिणार आहे, पण हे लिहीत नाही, तुला घरात राहायचंय. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "लिखी टाका, बाई. त्यासना घर पेपर येस." म्हणून लिहिलं.

माझं पिंप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. दळणाचे गहू काढायला झाकण उघडते तेव्हा आधी दिवेलाचा तो उग्र वास येतो. सुरतेत इतकी वर्षं काढली, पण तो वास मला कधी आवडला नव्हता. आता हात कोपरापर्यंत आत घालते आणि थोडा वेळ तसाच ठेवते. बाहेर काढला की तळहात चिकट असतो. भास्करच्या घरीही असंच पिंप आहे, माझ्याहून मोठं, काठोकाठ भरलेलं, तिनंच चोळलेल्या गव्हांचं. पुढच्या वैशाखात ट्रक येईपर्यंत ते रोज तिच्याच हातचं खाणार आहेत.